खाचेतला चीक

गेल्या सप्टेंबरात मी गावाबाहेरच्या सड्यावर एक रंगीत रोल संपवला. गेंदांचे पांढरे गालिचे, त्यांत मधूनमधून सीतेच्या आसवांचा निळा शिडकावा, मागे ढग. रोल कुरिअरने पुण्याला धुवायला पाठवला आणि दहा दिवसांनी मोबाइलवर स्कॅन आले. छत्तीसातल्या बावीस फोटोंमध्ये खालच्या कडेला नारिंगी जाळ लागलेला. भर पावसाळ्यात सड्यावर वणवा! भाचीने बघितलं आणि म्हणाली, "मावशी, काय भारी इफेक्ट दिलायस." मी इफेक्ट दिला नव्हता.

कॅमेरा म्हणजे पेंटॅक्स के-१०००. जपानच्या असाही कंपनीने तो १९७६ साली बाजारात आणला आणि १९९७ पर्यंत जवळपास न बदलता बनवला. तीस लाखांच्या वर नग निघाले. त्यात ऑटोमॅटिक असं काहीही नाही. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या सुईला, आणि लेन्सवर टोपण बसवलं की तीही झोपते. मी एकतीस वर्षं एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. हा नग आमच्या डेडस्टॉक रजिस्टरात सूक्ष्मदर्शकांच्या पानावर नोंदलेला होता, कारण तो वनस्पतिशास्त्राच्या सहलींना जायचा. पुढे डिजिटल आले, हा कपाटात गेला. निर्लेखन झालं तेव्हा फुटक्या बीकरांच्या आणि दोन गंजलेल्या तराजूंच्या लिलावात मी तो साडेतीनशे रुपयांना उचलला.

तर जाळ कुठून आला? आधी मी शटरच्या पडद्यावर संशय घेतला. त्यात भोक पडलं असेल तर हा कॅमेरा माझ्या हातून दुरुस्त होणार नाही, म्हणून दोन रात्री नीट झोप लागली नाही. मग निगेटिव्ह पार्सलने आले आणि ते खिडकीला धरल्यावर जीव भांड्यात पडला. स्कॅन करताना फिल्मची कड कापली जाते, निगेटिव्हवर मात्र ती दिसते. काळा डाग चित्राच्या चौकटीत थांबला नव्हता. तो चौकट ओलांडून थेट दाताळ्या भोकांपर्यंत गेला होता, एके ठिकाणी तर भोकांच्या सावल्या कंगव्याच्या दातांसारख्या उमटल्या होत्या. उजेड लेन्समधून किंवा पडद्यातून झिरपला असता तर तो चौकटीच्या आतच राहिला असता, कारण तिथून आलेल्या उजेडाला तेवढीच खिडकी मोकळी असते. चौकटीबाहेर डाग म्हणजे उजेड मागच्या झाकणाच्या फटीतून आला. जाळाचा रंगही तेच सांगतो. रंगीत फिल्ममध्ये निळ्याला, हिरव्याला आणि तांबड्याला जागणारे थर एकावर एक असतात आणि तांबड्याचा थर सगळ्यांत तळाशी, फिल्मच्या पाठीकडे. पाठीमागून शिरलेला उजेड आधी त्यालाच गाठतो.

एवढीशी फट एवढा डाग कसा पाडते, असं मला भाचीने विचारलं. हिशेब सोपा आहे. फोटो काढताना फिल्मवर उजेड पडतो तो, समजा, सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागाएवढा वेळ. तीच फिल्म कॅमेऱ्यात दोन तास उन्हात गळ्यात लटकते. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, म्हणजे त्या एका टिचकीच्या नऊ लाख पट. फटीतून येणारा उजेड नऊ लाख पट मंद असला तरी शेवटी बेरीज तेवढीच होते. अगदी मंद उजेडाच्या बाबतीत फिल्म थोडी कंजुषी करते, बेरीज पूर्ण धरत नाही. पण नऊ लाखांत तेवढी सूट देऊनही डाग पडायला पुष्कळ उरतं. म्हणूनच भराभर काढलेल्या फोटोंवर डाग नव्हता, आणि चहाला टपरीवर थांबले त्या वेळच्या फोटोवर सगळ्यांत मोठा होता.

आमच्या कॉलेजात अंधारखोली होती. तिला दार नव्हतं! आत जाताना एक वळण, मग उलट बाजूला दुसरं वळण, आणि भिंती काळ्या रंगवलेल्या. माणूस वळतो, उजेडाला वळता येत नाही; तो भिंतीवर आपटतो आणि काळा रंग त्याला गिळतो. कॅमेऱ्याचं मागचं झाकण याच युक्तीवर बसतं. अंगाला वर आणि खाली लांबच लांब खाच असते, दीड-दोन मिलिमीटर रुंद. झाकणाची पातळ कड त्या खाचेत शिरते. जुन्या जर्मन कॅमेऱ्यांत खाचा खोल असत आणि काम चोख असे, तेवढ्यावर भागायचं. काही ठिकाणी मखमल नाहीतर लोकरीचा धागा टाकायचे. साठच्या दशकाच्या मध्यापासून जपानी कारखान्यांनी खाचा उथळ केल्या आणि त्यांत काळ्या फोमची पट्टी बसवली. स्वस्त, झटपट, आणि नवी असताना अगदी उत्तम.

हा फोम पॉलियुरेथेनचा. ज्यांच्या कपाटात न वापरलेले चांगले बूट चार वर्षांनी बाहेर काढताच तळापासून सुटून हातात आले आहेत, त्यांना या पदार्थाची ओळख आहे. त्याचा एक प्रकार हवेतलं पाणी शोषतो आणि ते पाणी त्याच्या साखळीचे सांधे एकेक करून तोडत जातं. रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात. आधी लवचीकपणा जातो, मग पट्टी खचते, शेवटी तिचा चिकट काळा लगदा होतो. कोरड्या हवेत हे हळू चालतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि चार महिने मिठाला पाणी सुटलेलं; इथे फोमने तग धरावा ही अपेक्षाच गैर.

झाकण उघडून बघितलं. फोटोच्या खालच्या कडेला जाळ, म्हणून मी खालची खाच तपासली, तर तिथे लगदा होताच. वरच्या खाचेतली पट्टी मात्र काळी, सरळ, जागच्या जागी. चांगली दिसत्येय, कशाला छेडायची, म्हटलं. खालची खाच साफ केली आणि तिच्यात शाळकरी हस्तकलेचा काळा फोम कापून भरला. तो तीन मिलिमीटर जाड निघाला. झाकण लागेना. दाबलं, लागलं, आणि मध्यावर पोट आल्यासारखं फुगून राहिलं. फोम उचकटला, पातळ पट्टी घातली, झाकण बसलं. मग कृष्णधवल रोल भरला, कारण तो घरी धुता येतो. डेव्हलपर मी अजून जुन्या हिशेबाने करते: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. रोल न्हाणीघरात दोरीवर चिमट्याने लटकवला. डाग जिथल्या तिथे!

मग मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. लेन्स तशीच ठेवली, मागचं झाकण उघडलं, फिल्म जिथे ताणून बसते त्या चौकटीवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरला आणि शटर 'बी'वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहील असं, दाबून ठेवलं. कागदावर परसातला माड उमटला. झावळ्या खाली, बुंधा वर.

भिंगातून पडणारं चित्र उलटं असतं, हे मी एकतीस वर्षं, दर जूनमध्ये, नव्या मुलांना मेणबत्ती आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर दाखवत आले. कॅमेऱ्याच्या वरच्या खाचेतून शिरलेला उजेड फिल्मच्या वरच्या कडेवर पडतो, आणि फिल्मच्या वरच्या कडेवर असते ती जमीन. फोटोतला खालचा जाळ म्हणजे वरची खाच. वरच्या त्या 'चांगल्या' पट्टीवर मी नखाने दाबलं. नखाचा वण तसाच राहिला, पट्टी उसळून वर आलीच नाही. बसलेली दिसत होती, पण मेलेली होती. तेव्हापासून मी फोम डोळ्यांनी तपासत नाही, नखाने तपासते.

आता साफसफाईबद्दल सविस्तर लिहिते, कारण या कामात तीच खरी. नवी पट्टी बसवायला मला अर्धा तास लागला. जुनी काढायला दोन संध्याकाळी.

फोमचा लगदा फणसाच्या चिकासारखा असतो. बोटाला लागला की टेबलाला लागतो, टेबलाचा बाहीला, बाहीचा पदराला. फणसाला आपण हाताला तेल चोळून बसतो. इथे तेल चालत नाही, कारण तेल कॅमेऱ्यात पसरतं आणि जिथे नको तिथे जाऊन बसतं. इथे लागतं आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटात पाणी असतं, म्हणून ते नको. बाजारपेठेत मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, त्याच्याकडे 'आयपीए' नावाने नव्याण्णव टक्क्यांची बाटली असते. "काकू, कशाला हवंय?" म्हणाला. कॅमेरा दाखवला तर छोट्या बाटलीत ओतून दिलं, पैसे घेतले नाहीत. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन मात्र कॅमेऱ्याजवळही आणू नये. प्लास्टिक आणि रंग दोन्ही खातं.

खरवडायला स्टीलचं काही घेऊ नये, खाचेचा काळा रंग निघाला की खालचा चकचकीत धातू उजेड परतवायला लागतो. दात कोरायच्या काड्या चालतात, पण त्या लवकर मऊ पडतात. मी खराट्याचा हीर घेतला. माडाचा हीर टणक तरी धातूपेक्षा मऊ, ब्लेडने टोक छिन्नीसारखं तासता येतं, आणि घरात फुकट. सुरू करण्याआधी शटरच्या चौकटीवर कागद ठेवून त्याच्या कडा मास्किंग टेपने रुळांबाहेर चिकटवल्या. पडदा रबर चढवलेल्या कापडाचा असतो. त्याला बोट, काडी, अल्कोहोल काहीही लागता कामा नये.

आधी कोरडंच खरवडायचं. हिराच्या टोकावर चीक गोळा होतो, तो दर वेळी फडक्याला पुसायचा. मी घाईने पहिल्यांदाच अल्कोहोल सोडलं, तर लगदा पातळ होऊन शाईसारखा खाचभर पसरला आणि काम दुप्पट वाढलं. मोठा भाग निघाला की हिराला चिमूटभर कापूस गुंडाळायचा, अल्कोहोलात बुडवून कागदावर टिपायचा आणि मग खाचेतून एकाच दिशेने फिरवायचा. कापूस ओला हवा, थेंब गळणारा नको. थेंब आत गेला तर यंत्रात शिरतो, बाहेर ओघळला तर कातड्याखालचा गोंद सुटतो. पहिला बोळा काळा, दुसरा काळा, अकरावा करडा. एकोणिसाव्यावर मी थांबले. झाकणाची कडही विसरायची नाही. जी कड खाचेत शिरते तिला वर्षानुवर्षांचा चीक लागलेला असतो आणि तो नव्या पट्टीला पहिल्याच दिवशी बाटवतो.

खाचांसाठी मी फोम घेतलाच नाही. नातवासाठी विणलेल्या कानटोपीची काळी लोकर उरली होती. जुन्या कारागिरांची रीत तीच, आणि लोकर जलविघटनाने वितळत नाही. हल्ली बाजारात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक. टोक जाळून बघा: खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख होते, ॲक्रिलिकची वितळून कडक गोळी होते. इथे ॲक्रिलिक सोयीची, कारण टोक जाळलं की तंतू मोकळे सुटत नाहीत. सुटा तंतू फिल्मसमोर गेला तर प्रत्येक फोटोत आकाशात वाकडा केस दिसतो. धागा खाचेपेक्षा किंचित लांब कापला, दोन टोकांना आणि मध्ये पांढऱ्या गोंदाचा ठिपका दिला आणि हिराच्या बोथट बाजूने दाबत नेला. तो ताणायचा नाही, नुसता निजवायचा. ताणून बसवला की महिन्याभरात आखडतो आणि टोकाशी फट राहते. आणि झटपट चिकटणारा तो पाण्यासारखा डिंक इथे नकोच, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी झाक येते.

बिजागरीच्या बाजूला लोकर पुरत नाही. तिथे रुंद सपाट पट्टी लागते आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची, कारण काढलेले फोटो त्याच बाजूच्या रिळावर गुंडाळले जातात. उलट बाजूला कुलपापाशी डबी असते, आणि डबीला स्वतःचं मखमली तोंड असतं, त्यामुळे तिथली पट्टी जराशी सैल गेली तरी चालून जातं. बिजागरीसाठी मी मुंबईहून दीड मिलिमीटर जाडीचा, पाठीला चिकट असलेला काळा फोम मागवला. आल्या आल्या मोबाइलच्या टॉर्चवर धरला. काळा दिसणारा प्रत्येक फोम काळा नसतो, काहींतून तांबूस उजेड येतो. हा पास झाला. स्टीलच्या पट्टीला लावून नव्या ब्लेडने एका ओढीत कापला. कात्रीने कापला की कड तिरकी दबते.

चिकट पट्टी अरुंद जागेत बसवताना ती नको तिथे आधी चिकटते. त्यावर उपाय असा की कागद सोलायचा आणि चिकट बाजूवरून चक्क जीभ फिरवायची. पोस्टाच्या तिकिटाच्या बरोबर उलट! तिकीट ओलं झालं की चिकटतं, ही पट्टी ओली असेपर्यंत चिकटत नाही. तेवढ्या मिनिटभरात ती सरकवून नीट बसवता येते, मग ओल सुकते आणि पकड येते. पाण्याचं बोटही चालतं म्हणतात. मी जीभच लावली. चव वाईट असते.

झाकणाचं झालं, आता आरसा. आरसेवाल्या कॅमेऱ्यात फोटो काढताना आतला आरसा उसळून वर जातो आणि छताला लागलेल्या एका छोट्या फोमवर टेकतो. तो फोमही त्याच वयाचा. तो कुजला की आरसा ठाणकन आपटतो, तुकडे आत पडतात, कधी आरसा वरच चिकटून राहतो. हा फोम काढताना कॅमेरा तोंडावर, म्हणजे लेन्सचं भोक जमिनीकडे करून धरायचा, म्हणजे कचरा बाहेर पडतो, आत नाही. माझा एक कण तरीही आरशाच्या वरच्या, दृश्य ज्यावर उमटतं त्या घासलेल्या प्लास्टिकच्या पडद्यावर पडला आणि मी तो कापसाने पुसायला गेले. चीक पसरला. आता दृश्य बघताना डाव्या कोपऱ्यात एक धुरकट डाग दिसतो. फोटोत येत नाही, पण दिसतो. फुग्याने हवा मारून सोडून द्यायला हवं होतं. आरशालाही हात लावू नये. त्याची चांदी काचेच्या मागे नसते, पुढच्या बाजूला असते, ती पुसली की गेली.

सगळं झाल्यावर रात्री दिवे बंद केले, लेन्स काढली, झाकण लावून शटर 'बी'वर उघडं धरलं. पुढून आत बघत, मागच्या सगळ्या कडांवरून टॉर्च फिरवायला भाचीला उभं केलं. आत काळोख. या परीक्षेत फक्त मोठी फट सापडते, बारीक झिरपा फिल्मच सांगते. म्हणून तिसरा रोल भरला आणि मुद्दाम वाईट वागले. कॅमेरा गच्चीवर उन्हात तासभर पालथा ठेवला, मग तासभर एका अंगावर, मग दुसऱ्या. प्रत्येक वेळी आधी दोन आणि नंतर दोन फोटो काढले आणि वहीत नोंदले. न्हाणीघरात रोल लटकवला तेव्हा सुरुवातीच्या चौकटीचा अर्धा भाग काळा ठिक्कर होता आणि माझ्या पोटात गोळा आला. मग आठवलं, फिल्म भरताना झाकण उघडंच असतं, तेवढा तुकडा जळायचाच. पुढे सगळी कड स्वच्छ, काचेसारखी.

ही बातमी मोबाइलवाल्या मुलाला सांगायला गेले, बाटलीही परत द्यायची होती. तो म्हणाला, "काकू, माझ्या आजोबांचा एक यशिका आहे, बघता का?" इलेक्ट्रो ३५, सत्तरच्या दशकातला, वजनदार. काउंटरवरच झाकण उघडलं. खाचेत कुणीतरी आधीच लोकर भरलेली होती, व्यवस्थित, दोन्ही टोकं नीट दाबून. पोपटी रंगाची.

"आजीचं काम असणार," तो म्हणाला. मी हीर आणायला घरी आले.